शिदोरी बांधा, रविवार आपला आहे!

(नाशिकहून एका दिवसात पाहून येण्याजोगी ठिकाणे)

1934 सालची गोष्ट आहे. चळवळीतील काही सहकाऱ्यांनी मिळून एक सहल काढावयाचे ठरविले. मंडळी सुमारे तीस होती आणि त्यांच्यात स्वतः बाबासाहेब होते. पाहावयाची होती वेरूळची बौद्ध लेणी. बाबासाहेब नाशिकला येऊन मंडळींना मिळाले आणि तेथून सर्वजण निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा म्हणून थांबले. प्रवासाने अंगावर धूळ बसली होती, म्हणून दरवाजाजवळच्या लहानशा हौदावर काहींनी हातपाय धुतले. एवढ्यावरून हौद बाटविला म्हणून आरडाओरडा झाला, शिवीगाळ झाली. अखेर आत कोठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, सोबत हत्यारी शिपाई देऊन, त्यांना किल्ल्यात सोडण्यात आले. हा प्रसंग बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवला आहे.

बंधू-भगिनींनो, सहलीच्या लेखात ही आठवण कशासाठी, असे आपणांस वाटेल. ती एवढ्यासाठी की, चार माणसांनी मिळून एखादे ठिकाण पाहून यावे ही साधी गोष्टसुद्धा आपल्या आजोबा-पणजोबांना साधी नव्हती. कोणत्या विहिरीवर पाणी मिळेल, कोणत्या धर्मशाळेत टेकता येईल, याची चिंता गाठोड्याबरोबर न्यावी लागे. आज एस.टी.चे तिकीट काढले की कोणी जात विचारत नाही. तरीही आपल्या वस्त्यांतील कितीतरी कुटुंबे 14 एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, 6 डिसेंबर आणि सोयऱ्यांची लग्ने सोडली तर वर्षभर घराबाहेर पडत नाहीत. सहल म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, ही समजूत आपल्या घरांत अजून घट्ट आहे.

ही समजूत आता सोडून द्यावयास हवी. रविवारची सुट्टी आपणांस कोणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि कित्येक वर्षांच्या मागणीनंतर 10 जून 1890 रोजी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. पुढे बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना कारखान्यांतील कामगारांना पगारी सुट्टी देण्याचे विधेयक त्यांनी 1944 साली मांडले. 1946 साली आठवड्याचे कामाचे तास 54 वरून 48 वर आणण्याचा कायदाही त्यांच्याच खात्याचा. म्हणजे आपला रविवार आणि आपली रजा या दोन्ही चळवळीची कमाई आहेत. ही कमाई टी.व्ही.पुढे लोळून घालवावी की मुलाबाळांना घेऊन आपली भूमी पाहावी, हे ज्याने त्याने ठरवावे.

यासाठी लांब जाण्याचीही गरज नाही. आपल्या नाशिकच्या आसपासच एवढे आहे की सहा रविवार पुरावयाचे नाहीत. त्यांपैकी काही ठिकाणांची ओळख येथे करून देत आहे.

पहिला रविवार : त्रिरश्मी लेणी

नाशिक शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून त्रिरश्मी डोंगर आहे. शहर बसने पायथ्यापर्यंत जाता येते. पायथ्याशी बुद्ध स्मारक आहे. तेथे 2023 साली श्रीलंकेतील अनुराधापूरच्या महाबोधीवृक्षाच्या फांदीपासून वाढविलेले रोप लावण्यात आले. शेजारीच दादासाहेब फाळके स्मारक आहे. पायऱ्यांनी वर जावयास लहान मुलांसह वीस-पंचवीस मिनिटे पुरतात.

या लेण्यांना आजही बहुतेक लोक ‘पांडवलेणी’ म्हणतात. पांडवांचा आणि या लेण्यांचा काडीइतकाही संबंध नाही. हे सांगण्यासाठी कोणाशी वाद घालण्याची आवश्यकता नाही, कारण लेणी कोणी कोरली, कशासाठी कोरली, हे कोरणारांनीच भिंतींवर लिहून ठेवले आहे. शिलालेखांत डोंगराचे नाव ‘तिरण्हु’ असे येते. लेणी 24 असून ती इसवी सनापूर्वीच्या काळापासून पुढे काही शतके भिक्खुसंघासाठी कोरली गेली. लेणे क्रमांक 19 सर्वांत जुने समजतात. ते सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या काळात नाशिकच्या महामात्राने करविले, असा लेख तेथे आहे. आपल्या गावाचे ‘नाशिक’ हे नाव त्या लेखात आहे. म्हणजे नाव किमान दोन हजार वर्षे जुने!

परंतु राजेरजवाड्यांपेक्षा आपण मुलांना जी नावे आवर्जून दाखवावीत ती साध्या माणसांची आहेत. लेणे क्रमांक 8 मुगुदास नावाच्या माणसाने आपल्या परिवारासह दान दिले. त्याच्या नावामागे ‘दासक’ असा शब्द आहे आणि त्याचा अर्थ अभ्यासक कोळी, मासे धरणारा, असा लावतात. लेणे क्रमांक 18 म्हणजे चैत्यगृह. त्याच्या दारावर धंभिक गावच्या लोकांनी दान दिल्याची नोंद आहे. एका गावाने मिळून दिलेली ही वर्गणीच म्हणा ना. लेणे क्रमांक 17 इंद्राग्निदत्त नावाच्या, उत्तरेकडून आलेल्या एका यवनाचे, म्हणजे ग्रीकाचे आहे. आणि आम्हा कारकून मंडळींना अभिमान वाटावा अशीही एक नोंद आहे. दशपूरचा राहणारा वुधिक नावाचा एक शक, व्यवसायाने ‘लेखक’ म्हणजे लिहिण्याचे काम करणारा, त्याने एक लेणे आणि पाण्याच्या दोन पोढी दान दिल्या. पोढी म्हणजे खडकात कोरलेले पाण्याचे टाके. एका कारकुनाने भिक्खूंच्या पाण्याची सोय केली आणि त्याचे नाव राजाच्या नावाबरोबर डोंगरावर राहिले.

माता-भगिनींसाठी तर ही लेणी म्हणजे उघडे पुस्तकच आहे. लेणे क्रमांक 3 मधील मोठा लेख गौतमी बलश्री हिचा आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई. मुलगा राजा झाला तो आईच्या नावाने ओळखला गेला, ही गोष्ट आपल्या मुलींना जरूर सांगावी. भट्टपालिका नावाच्या स्त्रीने चैत्यगृहाचे काम पुरे करविले. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी कुंभार, तेली यांच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागीर संघांकडे, रकमा कायम ठेवीच्या रूपाने ठेवल्या.

ठेवींचा विषय निघाला म्हणून लेणे क्रमांक 10 मधील एक हिशेब सांगितल्यावाचून राहवत नाही. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने सुमारे 1,900 वर्षांपूर्वी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे 3,000 कार्षापण ठेवले. त्यांतील 2,000 दरमहा दर शेकडा एक या व्याजाने होते. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, फक्त व्याज वापरावयाचे. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यावयाचे. आता मुलांना वही काढावयास लावा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला 20, वर्षाचे 240. आणि 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 म्हणजे तेही 240! हिशेब पै न पै जुळतो. शिवाय हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून दप्तरी नोंदविला, असेही लेखात आहे. आज आपल्या कितीतरी मंडळांच्या आणि विहारांच्या जमाखर्चाच्या वह्या वेळेवर पुऱ्या होत नाहीत. त्यांच्या चिटणीसांनी हा लेख एकदा डोळ्यांखालून घालावा.

दुसरा रविवार : पंचवटी आणि येवला

येवल्याला जाण्याआधी अर्धा तास पंचवटीत काळाराम मंदिराच्या परिसरात उभे राहावे. 2 मार्च 1930 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली येथे मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. तो पुढे पाच वर्षे चालला. त्याची स्थानिक धुरा कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी वाहिली. दादासाहेब आपल्याच जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे. खेड्यापाड्यांतून भाकरी बांधून आलेल्या स्त्री-पुरुषांनी येथे लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला. दगडमार झेलला, पण दरवाजे उघडले नाहीत.

ज्यांनी दरवाजे बंद ठेवले त्यांना उत्तर मिळाले येवल्यात. नाशिकपासून सुमारे 80 किलोमीटरवरील या गावी 13 ऑक्टोबर 1935 रोजी परिषद भरली आणि हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा बाबासाहेबांनी केली. नागपूरची धम्मदीक्षा त्यानंतर 21 वर्षांनी झाली. पंचवटीहून येवल्याकडे एका दिवसात जाताना ही पाच वर्षांची वाटचाल मुलांच्या ध्यानात जशी येते, तशी दहा भाषणांनी येत नाही.

घोषणेची जागा आज मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते आणि तेथे स्मारक उभे आहे. 13 ऑक्टोबरला तेथे मोठी गर्दी असते. त्या दिवशी अभिवादनाला जरूर जावे, पण कुटुंबासह शांतपणे पाहावयाचे, बसावयाचे असेल तर एरवीचा रविवार बरा. छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या एस.टी. गाड्या येवल्यावरून जातात.

येवल्यात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे, ती म्हणजे पैठणीचे हातमाग. विचारून गेल्यास विणकर मंडळी माग दाखवितात. रेशमाचा ताणा कसा लावतात, पदरावरचा मोर एकेक धागा मोजून कसा उठवितात, हे पाहताना मोठी माणसेही बोलणे विसरतात. त्रिरश्मीवरच्या लेखात विणकरांच्या श्रेणी वाचल्या होत्या, तोच कसब येथे चालताबोलता दिसतो. खरेदीचा आग्रह कोणी धरू नये आणि आपणही संकोच करू नये. हातांचे कसब पाहावयास पैसे पडत नाहीत.

हिवाळ्यातील रविवार : नांदूर मध्यमेश्वर

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमावर इंग्रजी अमदानीत बंधारा बांधला गेला. गाळ साचत गेला, बेटे तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि तेथे पक्ष्यांचे माहेरघर झाले. 1986 साली सरकारने ते अभयारण्य म्हणून जाहीर केले. 2020 साली त्याला जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या म्हणजे रामसर यादीत स्थान मिळाले. महाराष्ट्रातील असे ते पहिलेच ठिकाण. दोनशेहून अधिक जातींचे पक्षी येथे नोंदले गेले आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे पाहुणे पक्षी हजारो किलोमीटर उडून येतात. जांभळी पाणकोंबडी आणि चमच्यासारखी चोच असलेला चमचा पक्षी मुलांना फार आवडतो. नशीब असेल तर रोहित पक्ष्यांचा थवाही दिसतो.

पहाटे निघावे हे उत्तम. उन्हे वर आली की पक्षी दूर पाण्यात सरकतात. एस.टी.ने निफाडपर्यंत जाऊन पुढे रिक्षा करावी लागते. म्हणून चार कुटुंबांनी मिळून एखादी गाडी ठरविणे परवडते. चापडगावच्या बाजूने प्रवेश आहे, मनोरे आहेत. गावातील तरुण वाटाडे म्हणून काम करतात. त्यांना दुर्बिणीसह सोबत घ्यावे. त्यांना पक्ष्यांची नावे तोंडपाठ असतात, आणि त्यांच्या हाताला कामही मिळते.

एक विनंती मात्र कळकळीची आहे. प्रवासात गाडीत भीमगीते खुशाल लावावीत, पण तळ्याकाठी आवाज बंद. भडक कपडे नकोत, खडे मारणे नको, प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकणे तर मुळीच नको. प्राणिमात्राची हिंसा करणार नाही असे आपण पंचशीलात रोज म्हणतो. त्याचा धडा येथे प्रत्यक्ष गिरवावयास मिळतो.

याच भागात, सिन्नर तालुक्यात, दारणा-गोदावरीच्या संगमाजवळ जोगलटेंभी गाव आहे. तेथे 1906 साली नहपानाची 13 हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील 9 हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला होता. लेण्यांत ज्यांची नावे वाचली त्यांच्यापैकी कोण हरले आणि कोण जिंकले, हे त्या नाण्यांवरून इतिहासकारांना कळले. जुनी नाणी व त्यांचा अभ्यास यांची ज्यांना आवड असेल त्यांनी त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेत आधी चौकशी करून जावे.

पावसाळ्यातील रविवार : अंजनेरी आणि इगतपुरी

अंजनेरीचा डोंगर नाशिकपासून वीस-बावीस किलोमीटरवर आहे. पावसाळ्यात तेथे हिरवळ, धबधबे आणि रानफुले यांची रेलचेल असते. कंदिलासारखे फूल येणारी एक वनस्पती शास्त्रज्ञांना याच डोंगरावर सापडली व तिला अंजनेरीचेच नाव मिळाले. कड्यांत गिधाडे घरटी करतात. फुले तोडू नयेत, नुसती पाहावीत. वाट निसरडी असते. म्हणून म्हाताऱ्या माणसांना व अगदी लहान मुलांना पायथ्याशीच बसवावे आणि सोबतीला कोणीतरी थांबावे.

इगतपुरीला रेल्वेने जाता येते. ढग खिडकीशी येतात, डोंगरांवरून पांढऱ्या धारा उतरताना दिसतात. तेथेच सत्यनारायण गोएंका यांनी स्थापन केलेले धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे. 1976 सालापासून ते चालू आहे. साधनेचे शिबिर दहा दिवसांचे असते, ते काही सहलीत होण्यासारखे नाही. परंतु बाहेरून येणारांना जेवढा भाग पाहू देतात तेवढा शांतपणे पाहून येता येते.

खर्चाचे काय?

आता मुख्य अडचणीकडे येतो. चौघांचे कुटुंब, भाडे, खाणे, महिनाअखेर, हे सारे मलाही ठाऊक आहे. त्यावर आमच्या वस्तीतील महिला मंडळाने काढलेला उपाय साधा आहे. त्यांनी सहलीची भिशी सुरू केली. दर महिन्याला झेपेल तेवढी रक्कम, वहीत नोंद, आणि तीन महिन्यांनी एक सहल. मार्च 2023 पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून प्रवास मोफत आहे. आधार कार्ड तेवढे जवळ ठेवावे. म्हणजे आजीला घरी ठेवण्याचे कारणच उरत नाही. उलट आजीला न्यावेच. जुन्या गोष्टी तिच्या तोंडून ऐकताना मुले जेवढी रमतात तेवढी पाटीवरचा मजकूर वाचताना रमत नाहीत.

खाणे विकत घेऊ नये. बाजरीची भाकरी, ठेचा, पिठले, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी एवढे पुष्कळ झाले. पण येथे बंधूंना एक सांगणे आहे. सहलीच्या दिवशी बायको पहाटे चारला उठून भाकऱ्या थापणार, दिवसभर मुले सांभाळणार आणि रात्री परत येऊन भांडी घासणार असेल, तर ती सहल तिची नव्हेच. लोखंड्यांनी मिळविलेला रविवार घरातील बाईपर्यंत अजून पोहोचलेला नाही. म्हणून त्या दिवशी पिठले पुरुषांनी करावे, डबे मुलांनी भरावेत, परत आल्यावर भांडी वाटून घ्यावीत. चार दिवस आधी जाहीर करून हे केले की शेजारच्या घरातही त्याचे अनुकरण होते, असा आमचा अनुभव आहे.

जाताना एवढे लक्षात ठेवा

प्रत्येक मुलाजवळ वही-पेन्सिल असावी. पाहिलेले एक नाव, एक साल आणि एक चित्र एवढे वहीत आलेच पाहिजे. लेण्यांच्या भिंतींवर आपली नावे कोरू नयेत. दान देऊन नाव कोरणे निराळे आणि खिळ्याने दगड खरवडणे निराळे. ही लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, तेव्हा तेथे मेणबत्त्या, रंग, हार यांचा पसारा करू नये. वंदना मनापासून आणि हळू आवाजात घ्यावी. पिण्याचे पाणी घरून न्यावे, टोपी न्यावी, आणि कचरा पिशवीत भरून परत आणावा.

शेवटी एक सांगावेसे वाटते. त्रिरश्मीवर एकदा वस्तीतील मुले नेली असता सातवीतील एका मुलीने विचारले, “काका, हे सारे एवढ्या जवळ होते, मग आम्हांला शाळेत गड-किल्ल्यांनाच का नेले?” तिला उत्तर देण्यासाठी शाळेकडे बोट दाखविण्यात अर्थ नाही. शाळा नेईल तेव्हा नेईल. आपल्या मुलांना आपली भूमी दाखविण्याचे काम आपले आहे. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता डबे भरून बाहेर पडावे. सुरुवात त्रिरश्मीपासून करावी. दुपारच्या जेवणापर्यंत ती लेणी पाहून होतात आणि संध्याकाळी दिवेलागणीला आपण घरी असतो.

जय भीम! नमो बुद्धाय!